ब्रिमफुल ऑफ आशा: गाणं एक नंबरला, पण आशाताई त्यात गायल्याच नाहीत

(ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच बराचसा ठेवलाय, फक्त "म्हणजे", "म्हणजे" थोडे गाळलेत.)

आज एकाच गाण्याची गोष्ट सांगणार आहे. २८ फेब्रुवारी १९९८ या तारखेचा ब्रिटनचा सिंगल्स चार्ट शोधून काढा. एक नंबरला जे गाणं दिसेल त्याच्या नावात सांगलीत जन्मलेल्या एका गायिकेचं नाव आहे. गाणं आहे "ब्रिमफुल ऑफ आशा", बँडचं नाव कॉर्नरशॉप, आणि ती आशा म्हणजे आपल्या आशा भोसले.

गंमत अशी की या गाण्यात आशाताईंचा आवाज नाही. एक ओळ नाही, एक आलाप नाही, मागे कुठे बारीक सॅम्पल वाजतंय असंही नाही. नाव आहे, कौतुक आहे, आवाज नाही.

मी हे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. सगळी पोरं सांगलीत चार वर्षं काढलेली, विश्रामबागच्या टपऱ्या पाठ असलेली. त्यातल्या दोघांनी गाणं ऐकलं होतं, तेही एका जाहिरातीसारखं काहीतरी म्हणून. "आशा" म्हणजे आशा भोसले हे एकालाही माहीत नव्हतं. मग म्हटलं, यावर भाग झालाच पाहिजे.

आधी सांगली. आशाताईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर, त्यांची बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी. विष्णुदास भावेंनी १८४३ मध्ये सांगलीत "सीता स्वयंवर" केलं तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे, आणि दीनानाथ हा त्या वेडातला फार मोठा आवाज. १९४२ मध्ये ते गेले. मुलं लहान होती. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, "माझं बाळ" या मराठी चित्रपटासाठी आशाताईंनी पहिलं गाणं गायलं. वय वर्षं नऊ-दहा. आपण त्या वयात पाढे पाठ करत होतो.

त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून पळवतो. २०११ मध्ये गिनीज बुकानं सर्वाधिक गाणी रेकॉर्ड केलेल्या कलाकार म्हणून त्यांची नोंद घेतली. आकडा अकरा हजारांपर्यंतचा, भाषा वीसहून जास्त.

आता लेस्टरला जाऊ. इंग्लंडच्या मध्यावरचं शहर. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा त्यातली खूप कुटुंबं इथे येऊन राहिली. १९९१ मध्ये याच लेस्टरमध्ये तजिंदर सिंग नावाच्या पंजाबी मुलानं मित्रांबरोबर बँड काढला आणि नाव ठेवलं कॉर्नरशॉप. कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तिकडे "आशियाई माणूस म्हणजे दुकानवाला" असा एक शिक्का होता. यांनी तोच शिक्का उचलून स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. चिडवणाऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घ्यायचा म्हणजे काय, ते असं.

पोरं तशी तिखट होती. १९९२ मध्ये मॉरिसी या तेव्हाच्या मोठ्या गायकाचं वागणं बाहेरून आलेल्या लोकांच्या विरोधात जातंय असं वाटलं, तर यांनी त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसबाहेर जाऊन त्याचा फोटो जाळला. तेव्हा यांना धड वाजवताही येत नव्हतं, असं तिकडचे समीक्षक म्हणायचे. वाजवणं नंतर शिकले. बँडमध्ये गिटार आणि ड्रम्स होतेच, शिवाय सतार, हार्मोनियम आणि तंबोरा. तंबोऱ्याला ते लोक "टंबूरा" म्हणतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत कुणासमोर म्हणून बघा, भोपळा डोक्यात बसेल! (मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. यावर वेगळा भाग करायचाय.)

तर १९९७. कॉर्नरशॉपचा तिसरा अल्बम येतो, "व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम". त्यात शेवटी बीटल्सचं "नॉर्वेजियन वुड" चक्क पंजाबीत गायलंय. बीटल्सनी त्या गाण्यात सतार घेतली होती, यांनी ते गाणंच घरी परत आणलं. आणि याच अल्बममध्ये आहे "ब्रिमफुल ऑफ आशा".

गाण्याची बांधणी एकदम साधी. दोन-तीन कॉर्ड्सची गिटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच फिरत राहते. चाल गुणगुणायला सोपी. तजिंदरचा आवाज आळसावलेला, रविवारी दुपारी कॉटवर पडून गातोय असा. आणि विषय? पार्श्वगायन! सिनेमात तोंड हलवणारी नटी वेगळी आणि गाणारी वेगळी, ही गोष्ट इंग्लंडच्या सरासरी श्रोत्याला ठाऊकच नव्हती. त्यांच्याकडे जो गातो तोच पडद्यावर. हा माणूस तीन-चार मिनिटांत त्यांना सांगतो की आमच्याकडे पडद्यामागे उभं राहून गाणाऱ्या बायका आहेत आणि आमची स्वप्नं त्यांच्या आवाजावर चालतात. गाण्यात आशाताईंबरोबर लतादीदी आणि रफीसाहेबांचीही नावं येतात. पुढे फ्रेंच गायक येतात, रेकॉर्ड कंपन्या येतात. एखाद्या पोरानं आपल्या कपाटातल्या सगळ्या तबकड्यांची नावं प्रेमानं घ्यावीत तसं.

शीर्षकातली कोटी इंग्रजांना कळली नाही, आपल्याला लगेच कळते. आशेनं काठोकाठ भरलेलं. आशा म्हणजे माणूसही आणि आशा म्हणजे आशाही.

आणि गाण्यात पुन्हा पुन्हा येतो एक आकडा: ४५. इथे मी जरा इंजिनिअरपणा करणार आहे, कंटाळा आला तर दोन परिच्छेद पुढे जा. ४५ म्हणजे सात इंची तबकडी, जी मिनिटाला ४५ फेरे घेते. एका बाजूला साधारण एक गाणं. मोठी तबकडी, एलपी, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. आता समजा, एलपी चुकून ४५ च्या वेगावर लावली तर? वेग १.३५ पट होतो. नुसता वेग नाही, सूरही वर जातो, कारण खाचेतून सुई जितकी भरभर जाईल तितकी कंपनं जास्त.

किती वर जातो याचा हिशोब सोपा आहे. हार्मोनियमवर काळी-पांढरी सगळी धरून एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गेलं की कंपनसंख्या जवळपास सहा टक्क्यांनी वाढते. १.३५ पट म्हणजे पाच पट्ट्यांहून थोडं जास्त. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्याही किंचित वर ऐकू येणार. आवाज चिपमंकसारखा होतो तो यामुळे. रीलवर "स्पेड अप" गाणी ऐकता ना, त्याचे हे आजोबा.

हे सगळं का सांगितलं ते आता कळेल.

ऑगस्ट १९९७ मध्ये गाणं सिंगल म्हणून आलं आणि चार्टवर गेलं ६० नंबरला. साठ. तिथून खाली. बँड छोटा, कंपनी छोटी, विषय परका. पण बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाचा माणूस होता, तो न चालणारी चांगली गाणी हट्टानं लावायचा. दर वर्षाच्या शेवटी त्याचे श्रोते मतदान करून पन्नास गाणी निवडायचे. १९९७ च्या त्या यादीत पहिलं आलं "ब्रिमफुल ऑफ आशा". बघा, एकाच गाण्याचे दोन नंबर झाले. पैसे देऊन विकत घेणाऱ्यांच्या यादीत साठावं, आणि रात्री जागून रेडिओ ऐकणाऱ्यांच्या यादीत पहिलं. कुठली यादी खरी? मला विचाराल तर दुसरी, पण बिलं पहिलीवर भरली जातात.

मग येतो नॉर्मन कुक. ब्रायटनचा माणूस. आधी हाऊसमार्टिन्स या बँडमध्ये बेस वाजवायचा, नंतर डीजे झाला आणि फॅटबॉय स्लिम हे नाव घेतलं. त्याला गाणं इतकं आवडलं की त्यानं स्वतःहून विचारलं, मी याचा रिमिक्स करू का? हे "विचारलं" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुकचं सामान आजच्या हिशोबानं हसण्यासारखं. अटारी एसटी नावाचा ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर आणि आकाईचा सॅम्पलर. तुमच्या हातातल्या फोनच्या मानानं ती मेमरी म्हणजे पातेल्यासमोर चमचा. त्यावर त्यानं काय केलं? गाण्याचा वेग वाढवला. वेगाबरोबर सूरही वर गेला, आळसावलेला तजिंदर एकदम उठून बसला. खाली दणदणीत ड्रम्स टाकले. लोकांना लगेच तोंडपाठ होईल तो तुकडा पुढे ओढून आणला आणि परत परत फिरवला. बस्स. शब्द तेच, चाल तीच, आवाज तोच.

सातारा-सांगलीकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे प्रत्येक डॉल्बीवाला हेच करतो. साधं भावगीत असू द्या, वरातीत येईपर्यंत त्याचा वेग वाढलेला असतो, हलगी चढलेली असते आणि मध्ये तीनदा डीजेचं नाव आलेलं असतं. फरक इतकाच की मूळ गाणाऱ्याला ते कळतही नाही. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत कुकनं गाणं "फोर्क" केलं. दुसऱ्याचा प्रकल्प घेतला, आपली शाखा काढली, आणि लोक शाखेवरच राहायला आले.

फेब्रुवारी १९९८ मध्ये रिमिक्स बाजारात आला. तेव्हाचा चार्ट म्हणजे निव्वळ विक्री. दुकानात जाऊन सीडी, कॅसेट किंवा तबकडी विकत घ्यायची, काउंटरवर नोंद व्हायची, आठवड्याची बेरीज रविवारी संध्याकाळी रेडिओवर जाहीर व्हायची. स्ट्रीमिंग धरायला त्यांनी २०१४ मध्ये सुरुवात केली. तेव्हा एक गाणं शंभरदा ऐकलं तरी मोजणी एकदाच, विकत घेतलं तेव्हाची.

त्या महिन्याच्या सुरुवातीला एक नंबरवर होता डेन्मार्कचा अ‍ॅक्वा, "बार्बी गर्ल" वाला. मग आली सेलिन डिऑन, टायटॅनिकचं गाणं घेऊन. सगळं जग त्या जहाजावर रडत होतं. आणि पुढच्या आठवड्यात टायटॅनिकला खाली ढकलून वर कोण, तर लेस्टरचा किराणा दुकानवाला बँड! एकच आठवडा टिकले. पुढच्या आठवड्यात मॅडोना आली, त्यापुढच्या आठवड्यात टायटॅनिक परत वर. पण टायटॅनिक आणि मॅडोना यांच्या मधल्या त्या सात दिवसांत ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त विकलं गेलेलं नाव होतं आशा.

(इथे एक छोटीशी पुरवणी. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी १९९७ मध्ये, ज्योती मिश्रा या राउरकेलात जन्मलेल्या माणसानं व्हाइट टाउन या नावानं घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलेलं गाणं असंच एक नंबरला नेलं होतं. म्हणजे वारं सुटलेलं होतं.)

आपल्या आशाताईंना चार्ट नवा नव्हता हेही सांगतो. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला होती. दर बुधवारी लोक रेडिओला कान लावून बसायचे. १९७२ च्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं "दम मारो दम", आशाताईंचं. आणि लंडनमध्ये त्यांच्या नावाचं गाणं बनत होतं त्याच १९९७ मध्ये, वयाच्या चौसष्टीत, त्यांनी लेस्ली लुईससोबत "जानम समझा करो" हा पॉप अल्बम काढला होता. म्हणजे इंग्लंडमधली पोरं ज्यांना जुन्या तबकडीवरची आठवण म्हणून गात होती, त्या बाई इकडे टीव्हीवर नवीन व्हिडिओ करत होत्या.

आता मला ज्यासाठी हा भाग करायचा होता तो मुद्दा. हे गाणं नेमकं कुणाचं?

आज "ब्रिमफुल ऑफ आशा" शोधलं की बहुतेक लोक कुकचाच रिमिक्स लावतात. कॉर्नरशॉपचं पुढचं सिंगल २३ नंबरला थांबलं, तेवढं मोठं गाणं त्यांचं परत झालं नाही. कुक मात्र त्याच वर्षी जगभर गाजला आणि जानेवारी १९९९ मध्ये स्वतःच्या नावावर एक नंबर झाला. म्हणजे पार्श्वगायनावरचं गाणं, आणि त्याच्याच नशिबी पार्श्वगायन आलं. गायला एक, लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरा.

पण मला यात कुणावर अन्याय झाला असं वाटत नाही. विचारून केलं होतं. कव्हरवर नाव कॉर्नरशॉपचंच होतं. गीतकार-संगीतकार म्हणून तजिंदरचं नाव कुणी हलवलं नाही. आपल्याकडे हेच किती अवघड होतं बघा. गाण्यात ज्यांची नावं शेजारीशेजारी येतात त्या लतादीदी आणि रफीसाहेब साठच्या दशकात काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. कारण रॉयल्टी. लतादीदींचं म्हणणं, गाणं विकलं जाईल तसा गायकाला वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, एकदा मानधन घेतलं की विषय संपला. त्याच काळात "तीसरी मंझिल" सारख्या सिनेमांत रफींबरोबर आशाताई गात होत्या. पडद्यामागच्या गायकाला त्या वाट्याचा पक्का आधार कायद्यात मिळायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. भांडण सुरू झाल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी.

आणि मग २०२५. आशाताई मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तक्रार अशी, की काही एआय कंपन्या त्यांच्या आवाजाची नक्कल करायची सोय विकतायत, शिवाय त्यांचा फोटो आणि नाव वापरून माल विकला जातोय. न्यायालयानं अंतरिम आदेश दिला आणि म्हटलं की परवानगी न घेता कुणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारं साधन पुरवणं हा त्या गायकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग आहे.

ही नक्कल होते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातल्या अनेकांनी गंमत म्हणून असलं अ‍ॅप वापरलं असेल. आधी जुन्या गाण्यातून वाद्यं वेगळी काढून नुसता आवाज घेतात. काही मिनिटांचा स्वच्छ आवाज पुरतो. त्यावर मॉडेल शिकवतात. मॉडेल काय शिकतं? आवाजाचा पोत. जाडी, हवा, नाकातली ती बारीक किनार. मग तुम्ही किंवा मी माइकसमोर गातो. सूर आपला, लय आपली, श्वास आपला, चुकाही आपल्याच. यंत्र फक्त वरचा पोत बदलून आशाताईंचा लावतं.

आता जरा थांबून विचार करा. पार्श्वगायनात गायच्या आशाताई आणि तोंड हलवायची नटी. इथे गातोय कुणीतरी राहुल आणि "तोंड हलवतायत" आशाताई. सगळं उलटं झालं. फक्त नटीला त्याचे पैसे मिळायचे आणि तिला ते माहीत असायचं. आशाताईंच्या गाण्यात आशाताईपण पोतात आहे असं ज्याला वाटतं त्यानं त्यांची एकच हरकत नीट ऐकावी. शब्द कुठे सोडायचा, कुठे श्वास घेतल्याचं मुद्दाम ऐकू द्यायचं, कुठे हसू आवाजात मिसळायचं. हे मॉडेलमध्ये येत नाही, ते राहुलला स्वतः गावं लागतं. आणि राहुलला ते येत असतं तर त्याला अ‍ॅप लागलं नसतं.

कॉर्नरशॉपनं १९९७ मध्ये हवं तर आशाताईंच्या तबकडीतला एखादा तुकडा कापून लावला असता. सॅम्पलिंगचा सुकाळ होता. त्यांनी तसं केलं नाही. नाव घेतलं, कौतुक केलं, गायचं ते स्वतःच्या आळसावलेल्या आवाजात गायले. आधी मला ही उणीव वाटली होती, की आशा भोसलेंवरचं गाणं आणि आशा भोसलेच नाहीत? आता दहा-वीस वेळा ऐकल्यावर तेच सगळ्यात आवडतं.

ऐकायचं असेल तर माझा क्रम घ्या. आधी मूळ गाणं, हेडफोन लावून, शेवटपर्यंत. मग कुकचा रिमिक्स, शक्यतो मोठ्या स्पीकरवर. आणि मग २००५ चा "यू हॅव स्टोलन माय हार्ट" हा अल्बम. त्यात क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन व्हायोलिन-चेलोवाल्यांबरोबर आर. डी. बर्मनची गाणी आशाताईंनी सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा गायली आहेत. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन होतं. साताऱ्याहून सांगलीला एसटीनं निघालात तर पेठ नाक्याच्या आधी तिन्ही आरामात होतात, अल्बमसकट.

पुढच्या भागात मिरजेचा भोपळा. म्हणजे तंबोऱ्याचा! सतारमेकर गल्लीत कुणाच्या ओळखीचं कुणी असेल तर मेसेज करा. भेटू.